बारा वेळा बरोबर

निवेसने बिअरच्या सहा बाटल्या जाळीच्या पिशवीत कोंबल्या, पिशवीचं तोंड दोरीने आवळलं आणि ती बोटीच्या कडेवरून समुद्रात सोडली. दोरीचं दुसरं टोक तिने कठड्याला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग चार पायऱ्या उतरून ती खाली आली आणि तिने फ्रिजचं बटण बंद केलं.

"माझी बिअर होती ती," फेरुच्चो म्हणाला. तो बाकावर बसून बॅटरीच्या छोट्या पडद्याकडे पाहत होता.

"अजूनही तुझीच आहे. समुद्रात थंड होईल."

"समुद्र चोवीस अंशांवर आहे."

"मग चोवीस अंशांची पी. काही मरत नाहीस. तुझा फ्रिज दिवसाला पंचवीस खातो. माझी चाचणी अकरा. पंचवीस आणि अकरा. एवढी वर्षं गोदीत वायरी जोडल्यास, यातलं मोठं कोणतं ते कळतं ना?"

पडद्यावर एकतीस आकडा होता. बॅटरी शंभराची होती. वीसच्या खाली गेली की ती स्वतःला वाचवण्यासाठी सगळं तोडून टाकायची, आणि ते त्यानेच तसं बसवलं होतं. छतावरचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला तीस भरायचं. पण दोन दिवस दक्षिणेचा दमट वारा येऊन आकाश दुधी झालं होतं, आणि कालच्या दिवसात जेमतेम नऊ आले होते.

"मशीन तापायला सात," तो म्हणाला. "मग एकदा काढायला दोन, दुसऱ्यांदा दोन. एकतीसमधून अकरा गेले की वीस. काठावर आहे, निवेस. ग्राइंडर धरलेला नाही त्यात."

"काठावर म्हणजे होतंय."

"काठावर म्हणजे काठावर."

"उद्या सकाळी नऊला मला तिथे बसायचंय," ती म्हणाली. "आज चाचणी होणार. तुला पंखा बंद करायचा असेल, दिवा काढायचा असेल, तो तुझा पडदा बंद करायचा असेल, काय ते कर." तिने वर जाताना झडप अशी आपटली की भिंतीवरचं होकायंत्र डोललं.

ऑगस्टभर त्यांचं त्रिएस्तेतलं घर पर्यटकांना भाड्याने दिलेलं असे आणि ती दोघं या सात मीटरच्या बोटीवर राहत. पिरान गावाच्या अलीकडे दोन मैलांवर ही खाडी होती. कडा पांढरट दगडाच्या, वर पाइनची झाडं, झाडांत सकाळपासून रातकिड्यांसारखे ओरडणारे सिकाडा. गेले दोन हिवाळे फेरुच्चोने बोटीत एस्प्रेसोची सोय करण्यात घालवले होते. बॅटरी, इन्व्हर्टर, मनगटाएवढ्या जाड वायरी, स्वयंपाकाच्या ओट्यात फळी कापून बसवलेली मशीन. घरच्यासारखी काळी आणि घट्ट कॉफी, वर तांबूस साय, आणि तीही नांगर टाकलेल्या बोटीवर. वसंतात त्याने ती पहिल्यांदा चालू केली तेव्हा शेजारच्या धक्क्यावरचे लोक बघायला आले होते. निवेसने त्या दिवशी एक घोट घेतला होता आणि ती म्हणाली होती, "गरम आहे."

तेव्हाही ती रागातच होती. फेब्रुवारीपासून होती.

पाण्यात खळबळ झाली आणि शिडीवर एक पिवळी टोपी दिसली. टोपीखाली तुल्यो होता. शेजारच्या बोटीतला, ट्राम चालवून निवृत्त झालेला, रोज सकाळी टोपी घालून पोहत येणारा.

"बाईसाहेब, एक नेरो मिळेल का?" त्याने विचारलं. साधी काळी एस्प्रेसो मागायची तर त्रिएस्तेत कोणी एस्प्रेसो म्हणत नाही.

"नाही."

"छोटासा?"

"आज वीज दोन वेळांपुरती आहे. नेरो हवा असेल तर असाच पुढे पोहत जा. पिरानला मिळतो."

तुल्यो शिडीच्या वरच्या पायरीवर बसला. त्याच्या पोटावरून पाणी ओघळत होतं. "उद्याच ना ती परीक्षा?"

"चाचणी."

"तेच ते. तीन कप ठेवणार, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. बरोबर?" तो खाली डोकावून ओरडला, "फेरुच्चो, माझ्या बायकोपुढे तीन पुरुष ठेवले असते ना, तरी तिला मी ओळखू आलो नसतो!"

"तिने ओळख दाखवली नसती," खालून फेरुच्चो म्हणाला.

निवेसच्या तोंडावरची रेषा हलली नाही. तुल्योला गप्प बसणं जमत नसे. "आणि जमलं तर काय, कायमची नोकरी?"

"कायमची. त्रिएस्तेत कोसुताबाईंच्या कॉफीच्या प्रयोगशाळेत, आलेल्या मालाची चव घेणाऱ्या पाच जणांत. सहा चाचण्या, त्यांतल्या पाच यायला हव्यात."

"येतील की. एकतीस वर्षं त्या काउंटरमागे काढलीस." मग त्याला वाटलं असावं की आणखी काही गोड बोलावं. "मी शुक्रवारी गेलो होतो एत्सिओकडे. ती नवी बटणाची मशीन. एक पोरगी उभी असते, बटण दाबते. खोटं कशाला बोलू, अगदीच वाईट नव्हती कॉफी."

निवेस उठली. "तुल्यो, तुझ्या तोंडात जे जातं ते कॉफी आहे की भांडी धुतलेलं पाणी हे तुला जन्मात कळलेलं नाही. तीस वर्षं तू माझ्या नेरोमध्ये चार चमचे साखर घातलीस. चार! मी रोज बघत होते आणि रोज तुला कप फेकून मारावासा वाटत होता. आता ऊठ."

"अगं, मी फक्त..."

"ऊठ म्हणते ना."

तुल्योने टोपी सारखी केली आणि तो पाण्यात उतरला. दहा हात गेल्यावर तो वळून म्हणाला, "चार नाही, तीन." पण हळू म्हणाला.

एत्सिओच्या कॉफीबारमध्ये जे झालं ते निवेस एकाच पद्धतीने सांगत असे. फेब्रुवारीत तिला ताप आला, तीन आठवडे कॉफी म्हणजे नुसतं कढत पाणी लागत होतं, मग हळूहळू सगळं परत आलं. एप्रिलमध्ये एका सकाळी तीन गिऱ्हाइकांनी कप तसेच परत सरकवले. बिया खवट होत्या. एत्सिओ स्वस्तातला माल घ्यायला लागला होता, म्हणून खवट होत्या. जूनमध्ये त्याने बटणाची मशीन आणली.

एवढंच ती सांगायची. मधलं सांगत नसे. एत्सिओने बियांच्या भांड्याचं झाकण काढलं, वास घेतला, झाकण परत लावलं आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "निवेस," तो म्हणाला होता, "तुला हे कळलं नाही?" त्या भांड्यावर ती सकाळी साडेसहापासून वाकलेली होती.

चाचणीचे नियम तिचेच होते. ती बोटीच्या पुढच्या टोकाला किनाऱ्याकडे तोंड करून बसायची. तिथे खालचा ग्राइंडर ऐकू आला तरी कोणत्या बिया दळल्या जातायत ते कळत नसे, आणि मशीनचा आवाज सिकाडांत बुडून जाई. लाल झाकणाच्या डब्यात इथिओपियाच्या बिया होत्या, निळ्या झाकणाच्या डब्यात ब्राझीलच्या. फेरुच्चो एका प्रकारची दुहेरी कॉफी काढून दोन कपांत वाटायचा आणि दुसऱ्या प्रकारची तेवढीच तिसऱ्यात. मग तिन्ही एका उष्णतेला येईपर्यंत थांबायचं, क्रम बदलायचा, तबक घेऊन वर यायचं. दर वेळी सोळा ग्रॅम पूड, पंचवीस सेकंद पाणी. चाचण्या सुरू करण्याआधी चार दिवस तिने त्याच्या डोक्यावर उभं राहून शिकवलं होतं आणि त्या चार दिवसांत तो एक वाक्यही पूर्ण बोलू शकला नव्हता. पाचव्या दिवशी त्याची कॉफी एत्सिओच्या बटणापेक्षा नक्कीच चांगली झाली.

रोज एक चाचणी. आतापर्यंत अकरा, आणि अकराही बरोबर. फेरुच्चोला आकड्यांचा नाद होता. नवव्या चाचणीनंतर त्याने वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडून तिला दाखवला होता. डोळे मिटून बोट ठेवलं तर बरोबर यायची शक्यता तीनात एक. सलग नऊ वेळा यायची, एकोणीस हजार सहाशे त्र्याऐंशीत एक. तिने तो तुकडा फाडून पाकिटात ठेवला होता. फेब्रुवारीनंतर तिने जपून ठेवलेला तो पहिलाच कागद.

आज तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबावं लागलं. तुल्योच्या बोटीवर रेडिओ लागला होता. खडकावर एक करकोचा बसला, उडाला. शेवटी मागून फेरुच्चोची अनवाणी पावलं आली. त्याने तबक तिच्यासमोर ठेवलं.

"आज कमी आहे कपांत," ती म्हणाली.

"चव घ्यायला अर्धा घोट पुरतो असं तूच म्हणालीस."

ते खरं होतं. तिने पहिला कप उचलला, चमच्याने ढवळला आणि जोरात ओढून घोट घेतला. उष्णता. जिभेच्या कडांना आंबट. मागे कडू, आणि ते कडू किती वेळ टिकतं ते तिने मोजलं. टाळूवर किती जाड बसते तेही. मग तिने तोंड मिटून नाकातून श्वास सोडला, कारण खरं जे असतं ते तिथे असतं. एके काळी त्या एका श्वासात तिला बोर, लिंबाची साल, तंबाखू, ओलं लाकूड असं एकेक वेगळं मिळायचं. आता तिथे काहीतरी होतं. शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा आणि शब्द लागू नयेत, तसं.

दुसरा. मग तिसरा. मग परत दुसरा. दुसरा जरासा जाड वाटत होता. वाटत होता की होता? तिने परत पहिला घेतला.

"मधला," ती म्हणाली.

फेरुच्चो कपांकडे पाहत होता. "बरोबर."

"बारा."

"बारा," तो म्हणाला. "सव्वापाच लाखांत एक."

निवेसने मान मागे टाकली आणि मोठ्याने हसली. खडकावरून आवाज परत आला. "सव्वापाच लाख! आणि तो एत्सिओ म्हणतो... अरे, कोसुताबाईंनी सहाच्या जागी साठ चाचण्या घ्याव्यात." तिने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "काढ ती तुझी बिअर वर. जा. सकाळी बोलले ते बोलले. तू बस इथे, मी आवरते खाली."

"मी आवरतो ना."

"बस म्हटलं ना. बारा दिवस तूच आवरतोयस."

तो अर्धा उठला होता, तसाच परत बसला.

खाली अंधार होता. इन्व्हर्टरवर लाल दिवा होता आणि पडद्यावर वीस. काठावर आलं तर, ती मनात म्हणाली. ऑगस्टमध्ये चोथा डब्यात ठेवून चालत नाही, अर्ध्या तासात माश्या येतात. फेरुच्चो चोथा लगेच समुद्रात टाकायचा, आज विसरला होता. तिने डबा बादलीवर उपडा करून बुडावर हात मारला.

एक वडी पडली. गोल, काळी, कडेला गाळणीचा वळ उमटलेली. निवेसने डबा परत हलवला. आत पाहिलं. काहीच नव्हतं.

दोनदा काढलेल्या कॉफीच्या दोन वड्या होतात. एकतीस वर्षांत तिने असल्या किती वड्या ठोकून टाकल्या असतील. दुसरी मशीनमध्येच राहिली असेल. तिने दांड्याची गाळणी फिरवून मशीनमधून काढली. आत कॉफी होती, नीट सपाट दाबलेली. तिने बोट लावलं. कोरडी. बोटाला पीठ लागावं तशी पूड लागली.

ती तशीच उभी राहिली. बोट हलकेच डुलत होती आणि बादलीतलं पाणी एका कडेवरून दुसऱ्या कडेला जात होतं. मग तिने निळ्या झाकणाचा डबा उचलला, ठेवला. लाल उचलला, ठेवला. आणि गाळणी हातात घेऊन वर गेली.

फेरुच्चो तिथेच बसला होता. बिअर त्याने काढलेली नव्हती. निवेसने गाळणी तबकावर उपडी करून एकदाच ठोकली. कोरडी पूड तीन कपांच्या मधोमध सांडली.

"हे काय आहे?"

"मशीन बंद पडली," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी. सांगितलं होतं मी, काठावर आहे."

"मग वर येऊन सांगायचं होतं."

"सकाळपासून तू त्या फ्रिजवरून..."

"म्हणजे या तिन्ही कपांत एकच कॉफी होती."

"हो."

"आणि मी म्हणाले, मधला."

"हो."

"आणि तू म्हणालास, बरोबर."

पलीकडच्या बोटीवर तुल्योने रेडिओ बारीक केला. निवेसने तिकडे मान वळवली. "मोठा कर तो!" ती ओरडली. रेडिओ ताबडतोब मोठा झाला.

"आणि आधीचे अकरा?" तिने विचारलं.

फेरुच्चोने तळहाताने तोंड पुसलं. "पहिला तू खरंच ओळखलास."

"दुसरा?"

"चुकलीस. तिसराही चुकलीस."

"चौथा?"

त्याने सांडलेली पूड बोटाने एका रेषेत ओढली.

"चौथा, फेरुच्चो?"

"चौथ्यापासून मी लक्षात ठेवायचं सोडून दिलं. कप तबकावर ठेवताना मी बघतच नव्हतो कोणता कुठे जातोय. तू जे म्हणशील ते बरोबर म्हणायचं ठरवलं होतं, मग कशाला बघायचं."

ती ओरडेल असं त्याला वाटलं. त्याने नकळत दोन कप तिच्या हाताच्या टप्प्यातून बाजूला सरकवले. पण निवेस ओरडली नाही. तिचा आवाज खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं.

"म्हणजे मला येतं की नाही हे तुलाही माहीत नाही."

"नाही."

"बारा दिवस. बारा दिवसांत बारा चाचण्या झाल्या असत्या. चुकले असते तर चुकले असते. काय चुकतंय ते कळलं असतं. आंबटावरून जमत नाही, तर जाडीवरून बघ. गरम असताना जमत नाही, तर गार करून बघ. तू ते सगळं समुद्रात ओतलंस. वर मला आकडे मांडून दाखवलेस. एकोणीस हजार सहाशे त्र्याऐंशी! ते लिहिताना तुला हसू येत होतं का?"

"हसू कसलं येतंय!" आता तोही उठला होता. "आणि मी काय करायचं होतं? फेब्रुवारीपासून घरात मी पाय वाजवत नाही. सूप अळणी झालं तर माझी चूक, दूध करपलं तर माझी चूक, डॉक्टरकडे चल म्हटलं तर तू मिठाचा डबा भिंतीवर फेकलास. दुसऱ्या चाचणीत तू चुकलीस तेव्हा मी तोंड उघडलं होतं सांगायला. तू चमचा घट्ट धरून बसली होतीस. आणि तोंडातून 'बरोबर' बाहेर पडलं. मग तू दिवसभर कोणावर ओरडली नाहीस. मला तशी एक सकाळ हवी होती, निवेस. एक."

"मिळाल्या की अकरा."

फेरुच्चोने तबक उगाच सरळ केलं.

"एत्सिओने मला काढलं," ती म्हणाली. "पण त्याने निदान माझ्या तोंडाकडे बघून विचारलं. तू तबकाकडे बघत होतास. उद्या मी कोसुताबाईंसमोर बसले असते, छाती पुढे काढून, पाकिटात तुझा तो कागद ठेवून. आणि सहापैकी दोन आले असते. तिथून घरी येऊन मी तुला काय सांगणार होते? आणि तू काय म्हणणार होतास? 'बरोबर'?"

फेरुच्चो कठड्याला टेकला. दुधी आकाशातून ऊन नुसतंच दमट होऊन खाली येत होतं. पॅनेलवर त्याची सावलीसुद्धा पडत नव्हती.

"इंजिनची बॅटरी जोड," निवेस म्हणाली.

"काय?"

"इंजिन सुरू करायची जी वेगळी बॅटरी आहे, ती. ती भरलेली आहे ना?"

"भरलेली आहे. पण ती या कामाची नाही. एका झटक्यात इंजिन फिरवायला असते ती. मशीनला जोडली तर एखादी चाचणी निघेल, फार तर दीड, आणि मग इंजिन सुरूच होणार नाही. वारा नाही. दुपारी पिरानला निघालो नाही तर उद्या नऊला तू त्रिएस्तेत पोचत नाहीस."

"जोड."

"उद्या तिथे पोचायलाच नको का तुला?"

"काय घेऊन पोचू?" ती म्हणाली. "आधी ते कळू दे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खाली गेला. मागची फळी उचलल्याचा आवाज आला, पान्याचा आवाज, एकदा शिवी. निवेस पायऱ्यांच्या तोंडाशी बसून होती. तिने त्याला कागदाचा कपटा आणि पेन्सिलचा तुकडा दिला. "कोणता कुठे ठेवलास ते लिही. खिशात ठेव. मी विचारल्यावर सांगायचं."

मग ती पुढे जाऊन बसली. ग्राइंडर फिरला. थांबला. बऱ्याच वेळाने परत फिरला. तिने हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

तबक आलं. कपांत कॉफी नेहमीएवढी होती. फेरुच्चो तिच्यासमोर बसला आणि या वेळी त्याने कपांकडे पाहिलं नाही.

तिने घाई केली नाही. घोट, श्वास, पाण्याची चूळ. घोट, श्वास, चूळ. तिन्ही कप गार होईपर्यंत ती परत परत फिरून आली. डाव्यात आंबट जरा लवकर येतं का? उजव्यात कडू जरा जास्त टिकतं का? नाकातून श्वास सोडल्यावर पलीकडच्या घरातला तो रेडिओ तसाच गुरगुरत होता. एकदा, मधल्या कपाशी, एक शब्द लागल्यासारखा वाटला आणि लगेच गेला.

"उजवा," ती म्हणाली.

फेरुच्चोने खिशातून कपटा काढला. त्याला ते बघायची गरज नव्हती, तरी उलगडला.

"सांग."

"चूक," तो म्हणाला.

सिकाडा क्षणभर सगळे एकदम थांबले, जसे ते थांबतात, आणि परत सुरू झाले. निवेसने हातातला कप बशीत ठेवला. आवाज न करता ठेवला.

"कोणता होता?"

"मधला."

तिने मधला कप उचलला आणि उरलेला घोट तोंडात धरून ठेवला. बराच वेळ. डोळे मिटले. गिळल्यावर नाकातून श्वास इतका हळू सोडला की फेरुच्चोला तो ऐकूही आला नाही.

"एकदा चुकलं म्हणून काही ठरत नाही," ती शेवटी म्हणाली. "एकदा बरोबर आलं असतं तरी ठरलं नसतं. मशीन तापलेली आहे ना अजून?"

"आहे. पण आता काढली तर ती बॅटरी मेलीच समज."

"काढ."

"आणि पिरान?"

"वल्ही आहेत."

"दोन मैल आहे, निवेस. दीड टनाची बोट."

"मग बाही वर कर. मीही मारते. पिरानहून त्रिएस्तेला बस आहे सकाळची." तिने त्याच्या हातातून कपटा आणि पेन्सिल घेतली. "आण इकडे. असं चुरगळून लिहितात का?"

तिने कपटा मांडीवर सपाट केला, उलटा केला आणि मधोमध एक रेघ ओढली. डावीकडे वर 'चूक' लिहिलं आणि त्याखाली एक उभी खूण केली. उजवीकडचा रकाना रिकामा होता. तो तिने रुंद आखला होता.